अनेकांनी मिळून सोडविलेले कोडे

रविवारचे वर्तमानपत्र घरात आले, की त्यातील शब्दकोडे फार वेळ एकट्याचे राहत नाही. घरातील कर्ता पुरुष पेन्सिल घेऊन बसतो खरा. परंतु एखादा संस्कृत शब्द अडला की आजोबांकडे विचारणा होते, मसाल्याच्या जिनसाचे नाव स्वयंपाकघरातून येते आणि क्रिकेटपटूचे नाव शाळकरी मुलगा सांगून मोकळा होतो. दुपारी चौकट भरते, तेव्हा कोडे नेमके कोणी सोडविले हे सांगता येत नाही. ते साऱ्या घराने सोडविलेले असते. आता हे घर पाचदहा माणसांचे नसून सात हजार माणसांचे आहे, ती माणसे दूरदूरच्या गावी राहतात आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, अशी कल्पना केली तर काय घडेल? हा प्रश्न केवळ कल्पनेतील नव्हे. सन २००१ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत इंटरनेटवर तो प्रयोग प्रत्यक्ष घडून आला. आणि त्या प्रयोगाने जितके कौतुक वाटावयास लावले, तितकेच विचारातही पाडले.

त्या साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ए. आय.' हा चित्रपट निघावयाचा होता. माणसासारखे मन लाभलेला यंत्रबालक हा त्याचा विषय. २९ जून रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. परंतु त्यापूर्वीच त्याच्या भित्तिपत्रकांवर, श्रेयनामावलीच्या बारीक अक्षरांत, एक चमत्कारिक नाव काही चाणाक्ष लोकांच्या दृष्टीस पडले. छायाचित्रकार, संगीतकार इत्यादिकांच्या पंक्तीस 'जनीन सॅला' या बाईंचे नाव असून त्यांचा हुद्दा 'सचेतन यंत्रांच्या मानसोपचारतज्ज्ञ' असा दिलेला होता. चित्रपटाला असल्या तज्ज्ञाची गरज ती काय? कुतूहल म्हणून कोणी ते नाव इंटरनेटवर शोधले, तो त्यास एका विद्यापीठाचे संकेतस्थळ सापडले. विद्यापीठाचे नाव होते 'बंगलोर वर्ल्ड युनिव्हर्सिटी' आणि तेथील काळ होता सन २१४२! भारतातील एका शहराच्या नावाने सजविलेले हे विद्यापीठ अर्थातच काल्पनिक होते. तेथून धागा धरून पुढे जाणाऱ्यास कळे की, इव्हान चॅन नावाचा एक गृहस्थ आपल्या 'क्लाउडमेकर' नामक नौकेवर मरण पावला असून हा मृत्यू अपघाती नसावा.

या कथेत शिरण्याची आणखीही दारे होती. चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये 'समर २००१' अशी अक्षरे इंग्रजीत झळकत. ती निरखून पाहिली असता त्यांच्या कडांवर बारीक खाचा आढळत. इंग्रजीत ही अक्षरे व अंक मिळून दहा होतात, आणि अमेरिकेतील टेलिफोनचा क्रमांकही दहाच आकड्यांचा असतो. प्रत्येक अक्षरावरील खाचा मोजल्या की एक क्रमांक तयार होई व त्यावर फोन केल्यास पुढची सूचना ऐकू येई. वृत्तपत्रव्यवसायातील मंडळींकडे पाठविलेल्या एका भित्तिपत्रकावर तर काही अक्षरांभोवती वर्तुळे काढून खुनाची वार्ताच लिहिलेली होती.

हा सारा खटाटोप मायक्रोसॉफ्ट कंपनीतील एका लहानशा मंडळाचा होता. जॉर्डन वाइसमन यांची मूळ कल्पना, एलन ली यांची रचना आणि शॉन स्ट्युअर्ट यांचे लेखन असा तो त्रिवेणी संगम होता. खेळासाठी सिद्ध करावयाच्या वस्तूंची यादी एके वेळी ६६६ वर येऊन ठेपली. बायबलात हा आकडा एका श्वापदाचा मानला आहे; त्यावरून या खेळाला 'द बीस्ट', म्हणजे श्वापद, हे टोपणनाव पडले. खेळाचा मुख्य दंडक असा की, हा खेळ आहे हे त्याने कोठेही कबूल करावयाचे नाही. नियमावली नाही, नावनोंदणी नाही, बक्षीस नाही. ज्याला दिसेल त्याने पाहावे व ज्याला सुचेल त्याने शोधावे.

११ एप्रिल २००१ रोजी इंटरनेटवर एक चर्चामंडळ स्थापन झाले आणि त्याला मृताच्या नौकेवरून 'क्लाउडमेकर्स' हेच नाव देण्यात आले. अल्पावधीतच त्याची सभासदसंख्या सात हजारांच्या वर गेली व पत्रांची संख्या चाळीस हजारांच्या पलीकडे पोहोचली. एवढ्या माणसांची आवश्यकता का पडावी, हे कोड्यांचे स्वरूप पाहिले म्हणजे ध्यानात येते. एखादा संदेश सांकेतिक लिपीत असे, तेथे गणित जाणणारा हवा. दुसरा संकेतस्थळाच्या आतील, सामान्य वाचकास न दिसणाऱ्या मजकुरात दडविलेला असे, तेथे संगणकाचा जाणकार हवा. एक कोडे तर ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या स्वरलिपीत मांडलेले होते. ती लिपी वाचणारा मनुष्य हजारांत एखादाच. परंतु मंडळच हजारांचे असल्यामुळे तो एखादा मंडळात हजर असे! एकट्या पंडिताला जे वर्षभरात साधले नसते, ते या समुदायाला एका रात्रीत साधे.

याचा पहिला धक्का बसला तो निर्मात्यांनाच. सुमारे तीन महिने पुरतील अशा अदमासाने रचलेली कोडी पहिल्याच दिवशी सुटली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पाहुणे चारच येतील म्हणून स्वयंपाक करावा आणि दारात वऱ्हाड उभे राहावे, तशी त्यांची अवस्था झाली. मग नव्या कोड्यांचा व नव्या प्रकरणांचा रतीब घालणे त्यांना भाग पडले. खेळाडूंची चर्चा गुपचूप वाचावी, त्यांना कोणते पात्र आवडले, कोणता धागा त्यांच्या हातून सुटला हे पाहावे आणि त्या धोरणाने पुढील मजकूर लिहावा, असा क्रम सुरू झाला. ६ मे रोजी न्यूयॉर्क, शिकागो व लॉस एंजलिस या शहरांत कथेतील एका यंत्रविरोधी संघटनेच्या सभाही भरल्या, आणि पडद्यावर केवळ अक्षररूपाने परिचित असलेली माणसे तेथे एकमेकांस प्रत्यक्ष भेटली.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. सात हजार माणसे एकत्र आली म्हणजे शहाणपण सात हजारपट होते असे नाही. बहुधा गोंगाटच तेवढा वाढतो. क्लाउडमेकर्स मंडळाचे खरे यश त्याच्या शिस्तीत होते. सुटलेली कोडी व त्यांची उत्तरे क्रमवार नोंदविणारा एक दप्तरवजा लेख काही सभासद ठेवीत असत. उशिरा येणाऱ्याला सारी कथा समजावी म्हणून दुसरा एक विस्तृत मार्गदर्शक लिहिला गेला. शोध लावणाऱ्याचे कौतुक सर्वांनी केले. परंतु लागलेला शोध दुसऱ्या दिवशी हरवू नये म्हणून दप्तर राखणाऱ्याचे काम त्याहून कमी महत्त्वाचे नव्हते.

२४ जुलै २००१ रोजी खेळ संपला. मंडळ मात्र संपले नाही. कोडी सोडविण्याची सवय लागलेली ती हजारो डोकी पुढील कोड्याची वाट पाहत राहिली. आणि अवघ्या सात आठवड्यांनी, ११ सप्टेंबर रोजी, न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील भीषण विमानहल्ले झाले. त्या शोकाच्या घटकेस मंडळातील काहींनी सुचविले की, आपण एवढी कठीण कोडी सोडविली, तर या कटाचाही छडा लावावा. हेतू शुद्ध होता. तरीपण दोनच दिवसांत मंडळाच्या चालकांनी ही चर्चा थांबविण्याची विनंती केली. आपण सोडविले ते कोणीतरी रचलेले कथानक होते, ही खरी घटना आहे, हे त्यांनी सभासदांच्या नजरेस आणून दिले. या मंडळाच्या साऱ्या इतिहासात एवढा शहाणपणाचा निर्णय दुसरा झाला नसेल.

कारण खेळातील रहस्य व जगातील रहस्य यांत एक मूलभूत भेद आहे. खेळातील प्रत्येक खूण कोणीतरी हेतुपुरस्सर ठेविलेली असते. अक्षरावरील खाच ही निर्मात्याने पाडलेली खाचच असते. उत्तर निश्चितपणे असते, आणि ते बरोबर आले की पुढचे दार उघडते. चुकीची किल्ली कुलपाला लागत नाही, एवढेच. तिने कोणाला इजा होत नाही. जगात मात्र पुष्कळशा खुणा निरर्थक असतात. गर्दीच्या छायाचित्रात एखाद्याच्या पाठीवर पिशवी असते, ती केवळ पिशवी असते. शिवाय तेथे चुकीच्या किल्लीने उघडते ते एखाद्या निरपराध माणसाचे घर.

ही भीती अनाठायी नव्हती, हे पुढे बारा वर्षांनी दिसून आले. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन येथील मॅरॅथॉन शर्यतीत बाँबस्फोट झाले. 'रेडिट' या संकेतस्थळावरील असंख्य लोकांनी छायाचित्रे चाळून अपराधी शोधण्याचा चंग बांधला आणि त्या भरात बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव सर्वत्र पसरले. त्याचा त्या कृत्याशी काडीइतकाही संबंध नव्हता. मुलाच्या काळजीने आधीच खचलेल्या त्या कुटुंबाला हा आरोपही सोसावा लागला. संकेतस्थळाच्या चालकांनी जाहीर क्षमा मागितली. पण एकदा सुटलेला शब्द क्षमेने परत येत नसतो.

म्हणून एकत्र कोडे सोडविण्याची ही विद्या टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. अनेकांच्या ज्ञानाचा मेळ घालावा, मिळालेले जपून लिहून ठेवावे, अटकळ आणि सिद्ध झालेली गोष्ट यांची गल्लत करू नये, हे गुण ज्या समुदायाने कमावले तो कोणत्याही सत्कार्यास उपयोगी पडेल. आज घरोघरी मोबाइलवर एखाद्या अनोळखी माणसाचे छायाचित्र येते आणि 'हाच तो, पुढे पाठवा' असा आग्रह त्याखाली असतो. अशा वेळी घरातील कोणीतरी क्लाउडमेकर्सच्या चालकांप्रमाणे थांबून विचारावे, हे कोडे कोणी रचले आहे काय, आणि आपले उत्तर चुकले तर ते कोणास भोगावे लागेल? रविवारच्या शब्दकोड्यात चूक झाली तर चौकट खोडून पुन्हा लिहिता येते, आणि खरे उत्तर पुढील अंकात छापून येते. माणसांच्या बाबतीत तशी सोय नाही.