शेतजमिनीवर उभी राहिलेली मुक्ती

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात मिशनच्या शाळेला चार खोल्या वाढवायच्या झाल्या, किंवा मंडळीला उपासनेसाठी मोठं चर्च बांधायचं झालं, तर पैशाच्या आधी सातबारा समोर येतो. जमीन शेतीची असेल तर ती बिनशेती करून घ्यावी लागते. आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आड येतं; जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून ती बिगर-आदिवासीच्या, म्हणजे संस्थेच्याही, नावावर होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातले ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या जमिनी हातोहात गेल्याचा इतिहास पाहिला तर हे कलम हवंच, असं माझं ठाम मत आहे. पण या कागदांच्या वाटेवरून एखादी ख्रिस्ती शाळा आणि तिचं चर्च कसं वाढतं, याचा मागोवा घ्यायचा तर दौंड तालुक्यातल्या केडगावला जावं लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे.

सुरुवात केडगावात झालीच नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं खर्च चालवण्याचं वचन दिलं होतं, आणि धर्मशिक्षणाची सक्ती करायची नाही अशी सदनाची अट होती. बाई स्वतः ख्रिस्ती, विद्यार्थिनी बहुतेक उच्चवर्णीय हिंदू विधवा. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह केलेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या भांडणाबद्दल आजवर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यानंतरची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते, तिच्याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. बाईंनी जमीन घेतली.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर माळरान त्यांनी विकत घेतलं. हेतू शाळेचा नव्हता, चर्चचा तर नव्हताच. वचनाची दहा वर्षं १८९८ ला संपणार होती. त्यानंतर सदनाला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून फळबाग लावायची, असा बेत होता. आंबा, संत्री, लिंबं लावली आणि विहिरी खोदल्या. परक्याच्या देणगीवर संस्था कायमची चालत नाही, हे त्या बाईंना वचनाची मुदत संपण्याआधीच उमगलं होतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने पार खंगलेल्या तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. नेमकी तेव्हाच पुण्यात प्लेगची साथ होती. एका आवारात किती माणसं ठेवायची यावर अधिकाऱ्यांनी मर्यादा घातली, त्यामुळे शहरातल्या सदनात या नव्या मुलींना जागाच उरली नाही. बाईंनी नियम मानला आणि मुलींना केडगावच्या शेतावर हलवलं. त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे जे हाल होत होते, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्रही लिहिलं; त्याचे पडसाद थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. हुकूम पाळला म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं नाही.

केडगावात तेव्हा राहण्याजोगी घरं नव्हती. राहुट्या आणि तात्पुरती छपरं उभारून दिवस काढले गेले. त्या काळचा मुंबई जमीन महसूल कायदा १८७९ चा. त्याच्या कलम ६५ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात गोठा बांधायला, विहीर खणायला कोणाला विचारावं लागत नसे. शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी जमीन वापरायची तर आधी कलेक्टरकडे अर्ज. आजच्या बिनशेती परवान्याचं मूळ इथेच आहे. १९६६ च्या संहितेत तो कलम ४४ म्हणून आला. म्हणजे बैलांना छप्पर घालायला आडकाठी नाही, पण दुष्काळातून वाचलेल्या मुलींना खोली बांधायची तर परवानगी हवी, असा हा कायदा. जमिनीचा वापर ठरवून देण्यामागे महसुलाचं कारण होतं हे मला कळतं. तरी दुष्काळाचं ते वर्ष डोळ्यांसमोर ठेवून त्या ओळी वाचताना मन अस्वस्थ होतं.

१८९८ नंतर केडगावचा पसारा झपाट्याने वाढला. ‘मुक्ती’ ही शारदा सदनाहून वेगळी, उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. पुण्याच्या अटी इथे लागू नव्हत्या, म्हणून चर्चला जागा झाली. सप्टेंबर १८९९ मध्ये त्याचा पाया घातला गेला. वर्षभरात गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली. एवढ्यांसाठी वर्ग कुठून आणणार? रविवारी उपासना आणि आठवडाभर त्याच भव्य चर्चच्या फरशीवर घोळक्याघोळक्याने शाळा, अशी व्यवस्था झाली. आज नकाशात शाळा एका रकान्यात आणि प्रार्थनास्थळ दुसऱ्या रकान्यात दाखवावं लागतं. केडगावात गरजेने दोन्ही एका छपराखाली आणली होती.

पुढे कृपा सदन, अंध मुलींसाठी ब्रेलचे वर्ग, विणकाम, छापखाना, दुधाचा व्यवसाय अशी एकेक भर पडत गेली. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यालाही शाळा काढली. मनोरमाबाई १९२१ ला गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच आवारातल्या छापखान्यातून १९२४ ला पुरं बाहेर पडलं.

कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रमही १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. गोखले नावाच्या गृहस्थांनी दिलेल्या जागेवर त्याची पहिली झोपडी उभी राहिली. दोन्ही संस्थांना शहराने बाहेर काढलं आणि माळरानाने वाढू दिलं. पण हिंगण्याची जमीन दानात आली आणि केडगावची विकत घेतलेली, तीही गरज दारात येण्याच्या आधी. मला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो.

ब्राह्मणपुरीच्या बाजूला आज हेच काम करू पाहणाऱ्या मंडळींनी म्हणून इमारतीच्या आराखड्याआधी जमिनीचा निर्मळ कागद हाती घ्यावा. ग्रामसभेत विषय मांडावा, मोजणी करून घ्यावी, शाळा आणि चर्च दोन्हींचा वापर अर्जात स्पष्ट लिहावा, आणि आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर तिच्या मागे लागूच नये. शासनाचंही एक देणं आहे. वर्गखोल्यांचा बिनशेतीचा अर्ज जानेवारीत आला तर तो जूनमध्ये शाळा भरायच्या आत, होय किंवा नाही, लेखी निकालात निघाला पाहिजे.