बर्लेसीचे नरसाळे

जंगलातल्या जमिनीवर साठलेला पालापाचोळा, त्याखालची भुसभुशीत माती आणि पडलेल्या झाडांचे कुजके लाकूड यांत राहणारे संधिपाद प्राणी, म्हणजे सांधेदार पायांचे आणि कठीण बाह्यकवचाचे भुंगेरे, कोळीकिडी, गोमी यांसारखे जीव, बहुधा इतके लहान आणि इतके मातकट असतात की केवळ नजरेच्या भरवशावर त्यांची मोजदाद होऊ शकत नाही. ही अडचण बऱ्याच अंशी दूर करणारे नरसाळे इटलीचे कीटकशास्त्रज्ञ आंतोनिओ बर्लेसी यांनी १९०५ साली पुढे आणले. त्यांनी उष्णतेसाठी गरम पाण्याचे वेष्टन वापरले होते. १९१८ मध्ये स्वीडनच्या अल्बर्ट टुलग्रेन यांनी त्याजागी विजेचा दिवा योजला.

नरसाळ्याच्या तोंडावरील जाळीवर पाचोळा पसरतात, वर दिवा टांगतात आणि खालच्या टोकाशी अल्कोहोलची बाटली ठेवतात. पाचोळा वरून सुकू लागला की ओलावा आणि अंधार शोधणारे प्राणी खाली सरकतात आणि जाळीतून निसटून गुळगुळीत उतारावरून बाटलीत पडतात. हे काम काही दिवस चालते आणि ते सावकाश चालण्यातच त्याचे यश आहे, कारण उष्णता एकदम वाढवली तर मंदगती जीव वाटेतच सुकून मरतात.

या पद्धतीचे खरे मोल टिलिइडी कुळातील भुंगेऱ्यांसारख्या प्राण्यांच्या बाबतीत कळते. पिसासारखी झालर असलेल्या पंखांचे हे भुंगेरे बहुतेक एक मिलिमीटरहूनही लहान असतात, आणि त्यांतील सर्वांत लहान ज्ञात नमुन्याची लांबी तर केवळ ०.३२५ मिलिमीटर भरली आहे. एवढा जीव चिमट्याने वेचून काढणाऱ्याच्या हाती लागणे हा निव्वळ योगायोग ठरेल. नरसाळे मात्र शोधणाऱ्याच्या डोळ्यावर नव्हे, प्राण्याच्या स्वतःच्या हालचालीवर विसंबते.

या पद्धतीची मर्यादाही तिथेच आहे. अंडी व कोष हलत नाहीत, लाकडात खोल शिरलेल्या अळ्या सहसा बाहेर येत नाहीत, त्यामुळे बाटलीतील संख्या म्हणजे त्या जागेची पूर्ण गणना असे मानणे चुकीचे आहे. वीज नसलेल्या रानात चाळलेला पाचोळा जाळीच्या पिशव्यांत भरून कापडी आवरणात टांगण्याची विंकलर पद्धत वापरतात. तीही चालत्या प्राण्यांनाच टिपते. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या पाहणीत उरलेला पाचोळा पांढऱ्या तबकात पसरून भिंगाखाली हाताने पुन्हा तपासला जातो.