फुटपाथवर कोण झोपतं?

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री देशभरातले प्रगणक रस्त्यावर उतरले. फुटपाथ, उड्डाणपुलाखालची जागा, रेल्वेचे फलाट, देवळांची आवारं, पडून असलेले सिमेंटचे मोठे पाइप, अशा ठिकाणी राहणारी माणसं त्यांनी मोजली. देशात पावणेअठरा लाख बेघर निघाले, महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त, बृहन्मुंबईत सुमारे 57 हजार. 2021 ची जनगणना लांबली, त्यामुळे पालिकेत बेघरांच्या निवाऱ्याचा विषय निघाला की पुढे वर्षानुवर्षं हाच आकडा मांडला गेला. पण मोजणी एका रात्रीची होती. बाजारात रात्रपाळीला गेलेला हमाल किंवा भीतीनं आडोसा बदललेली बाई त्यातून सहज सुटू शकते.

हा आकडा झोपडपट्टीचा नव्हे. इथेच पहिली गल्लत होते. झोपडीला भिंत असते, छप्पर असतं, बऱ्याचदा विजेचं बिलही असतं, आणि त्या कागदांवर पुनर्वसन योजनेत घर मागता येतं. ज्याचं बिऱ्हाड एका गोणीत मावतं आणि दुकानाचं शटर उघडण्याआधी आवरावं लागतं, त्याच्याकडे दाखवायला कागदच नसतो.

‘हे लोक भीक मागतात, काम करत नाहीत’ हा सर्वांत पक्का बसलेला समज. तो कायद्यातही शिरला आहे. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात उदरनिर्वाहाचं साधन न दिसता भटकणारा माणूसही भिकाऱ्याच्या व्याख्येत येतो, आणि पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकतात. प्रत्यक्षात फुटपाथवर हमाल, बिगारी, कचरावेचक, फुलं विकणाऱ्या बायका निजतात. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास झोपणारे तर गावाहून उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक असतात.

फुटपाथ फुकटही नसतो. सर्वोच्च न्यायालयातल्या ऑल्गा टेलिस खटल्याच्या निकालपत्रात एका अर्जदाराची हकिगत नोंदली आहे. संगमनेरचा हा चांभार गावात दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. तिथलं घर पडलं, तेव्हा 1969 मध्ये तो मुंबईला आला आणि महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला त्यानं तिथल्या गुंडाला 300 रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला आणखी 700 लागले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, तोही पालिका कधी पाडेल याचा नेम नसलेल्या आडोशासाठी. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईतल्या फुटपाथवरचे असे संसार उठवले गेले आणि त्यातूनच हा खटला उभा राहिला.

त्याच्या निकालाबद्दलही एक गैरसमज आहे. ‘न्यायालयानं फुटपाथवर राहायचा हक्कच देऊन टाकला’ असं सर्रास बोललं जातं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, हे खरं. पण फुटपाथ अडवण्याचा हक्क कुणालाही दिला नाही. उलट पालिकेची कारवाई वैध ठरवली. फक्त ती पावसाळा सरेपर्यंत थांबवली.

मग निवारागृहं बांधली तरी ती रिकामी का राहतात? या प्रश्नाचं उत्तर नकाशात सापडतं. पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात पोचायचं असेल, तर शहराच्या टोकावरचा पलंग काय कामाचा? पुरुषांच्या निवाऱ्यात बायको-पोरांना प्रवेश नसेल, हातगाडी लावायला जागा नसेल, सकाळी सामानासकट बाहेर पडावं लागत असेल, तर माणूस पुन्हा फुटपाथच धरणार. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत हे सगळं ध्यानात घेतलं होतं: निवारा चोवीस तास उघडा हवा, माणशी 50 चौरस फूट जागा हवी, आणि तो स्थानक, बस आगार, बाजार यांच्या जवळच हवा. अडचण नेमकी तिथेच आहे, कारण त्या जागा शहरातल्या सर्वांत महाग आणि शेजाऱ्यांचा विरोधही तिथेच सर्वांत जास्त.

निवारा म्हणजे पालिकेचा उपकार, हेही चूक. सर्वोच्च न्यायालयानं लाख लोकवस्तीमागे किमान एक निवारा हे प्रमाण ठरवून दिलं आहे. 2011 ची लोकसंख्या धरली तरी मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. शहर त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला, आणि हा हिशेब सभागृहात उभं राहून विचारायलाही पुढे कित्येक वर्षं कुणी उरलं नाही.

बेघराला मत नसतं, हा शेवटचा समज. पत्त्याचा पुरावा नसला तरी मतदार नोंदणी होते. अर्जात झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे जाऊन माणूस खरंच निजतो का, ते पाहतो. तुमच्या इमारतीबाहेर कुणी झोपत असेल, तर त्याला हा अर्ज भरायला मदत करा. आणि तुमचा नगरसेवक भेटेल तेव्हा त्याला एवढंच विचारा, आपल्या वॉर्डात निवारा कुठे आहे?