पाळीव सरड्याच्या पोटातले जंत : औषध आणि साफसफाई



गेल्या महिन्यात आठवीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत आला. हातात प्लास्टिकची डबी होती. म्हणाला, "मॅडम, मिठूच्या शीमध्ये धागे वळवळताहेत." मिठू हे नाव ऐकून मला पोपटच वाटला. पण त्यांच्या घरचा मिठू म्हणजे हिरवा इग्वाना, मध्य व दक्षिण अमेरिकेतला मोठा सरडा. घरात तीन वर्षांची बहीण आहे, त्यामुळे आईने सांगून टाकले होते की रविवारपर्यंत हा प्राणी टेकडीवर सोडून यायचा. मुलगा रडवेला झाला होता. आणखी दोन-तीन घरांत असे प्राणी असल्याचे नंतर कळले, म्हणून हे सर्वांसाठीच लिहीत आहे.

मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. आमच्या पुस्तकात परजीवी आणि परपोषी असे शब्द होते. मराठीत परजीवी तसाच राहतो, परपोषीला कोणी पोशिंदा म्हणतात, कोणी यजमान. मला यजमान हा शब्द फार आवडतो, कारण शहाणा पाहुणा यजमानाला मारत नाही. इग्वानाच्या पोटात बहुधा सापडणारे सूतकृमी असेच पाहुणे असतात. जंगलातल्या जवळजवळ प्रत्येक इग्वानाच्या मोठ्या आतड्यात ते असतात. पाला आंबवून पचवण्याचे काम तिथेच चालते आणि थोड्या कृमींनी त्यात काही बिघडत नाही. म्हणून दोन-चार अंडी दिसली तर जाणकार पशुवैद्य औषध देतच नाहीत.

बिघडते ते पिंजऱ्यात. जंगलात प्राणी विष्ठा टाकून पुढे जातो. पिंजऱ्यात त्याच विष्ठेवर चालतो, तिच्याशेजारी पडलेला पाला खातो आणि अंडी पुन्हा पोटात जातात. या कृमीला मधला दुसरा प्राणी लागत नाही, त्यामुळे चक्र झपाट्याने फिरते. त्यात आपल्या ग्वाल्हेरची थंडी! सरड्याच्या अंगाची उष्णता बाहेरून येते. दिवसा बसण्याच्या जागी ३२ ते ३५ अंश ऊब नसेल, तर पचन मंदावते आणि प्रतिकारशक्तीही घटते. मिठूचा दिवा डिसेंबरात बंद पडला होता, तो कोणी बदलला नव्हता. माझ्या मते खरा आजार तिथेच सुरू झाला. जंत नंतर वाढले.

आमच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी हातमोजे घालून प्रयोगशाळेत तपासणी केली. गरम पाण्यात विरघळेल तेवढे मीठ घालून ते थंड करायचे, त्यात थोडी विष्ठा कालवून गाळायची, परीक्षानळी काठोकाठ भरून वर काचेची चकती ठेवायची. मिठाचे पाणी जड आणि अंडी त्याहून हलकी, म्हणून ती वर येऊन चकतीला चिकटतात. पंधरा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकात एका बाजूने चपटी अंडी भरभरून दिसली. मुलांनी रांग लावली होती. मात्र हे आम्ही शिकण्यासाठी केले, निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. त्यांच्याकडे नमुना ताजा, चोवीस तासांच्या आतला न्यावा.

त्या आधी एका दुकानदाराने मुलांना देतात ते जंताचे पातळ औषध "चमचाभर पाजा" असे सांगितले होते. सुदैवाने पाजले नाही. या प्राण्याचे वजन ग्रॅममध्ये मोजावे लागते आणि औषधाची मात्रा त्यावरून ठरते. फेनबेंडाझोल हे औषध यासाठी वापरले जाते, पण प्रमाण वाढले तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. आयव्हरमेक्टिन तर कासवांना जीवघेणे ठरते, म्हणून एका प्राण्याचे औषध दुसऱ्याला देऊ नये. औषध पोटातल्या कृमी मारते, बाहेर पडलेली अंडी मारत नाही. त्यामुळे मिठूला साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली गेली, आणि तेवढ्या दिवसांत पिंजरा स्वच्छ ठेवण्याचे काम घरच्यांवर आले.

खरी मेहनत इथे आहे. लाकडाचा भुसा आणि पेरूची जुनी फांदी त्यांनी टाकून दिली, कारण भेगांतली अंडी निघत नाहीत. खाली वर्तमानपत्र अंथरले, ते रोज बदलले. विष्ठा दिसली की लगेच उचलायची, पाला जमिनीवर न टाकता वाटीत द्यायचा. धुताना आधी गरम साबणाच्या पाण्याने घासून घाण काढावी लागते. घाणीवर ब्लीच ओतून उपयोग नाही. नंतर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी दहा मिनिटे ठेवून भरपूर धुवावे आणि उन्हात वाळवावे. ब्लीचने जिवाणू मरतात, कृमींची अंडी मात्र टणक कवचाची असतात. त्यांच्यासाठी घासणे आणि उकळते पाणीच हवे. (काचेच्या पेटीत उकळते पाणी ओतू नका, तडकते.) ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आता आईंच्या काळजीबद्दल. सरड्याचे हे सूतकृमी माणसाला होत नाहीत, लहान मुलांना होतात ते वेगळे. पण काळजी चुकीची नव्हती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो आणि घरातले मूल जुलाब-तापाने आजारी पडते. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. मिठूची वाटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतली जात होती, ते बंद करायला सांगितले. पाच वर्षांखालील मुलाने हात लावू नये, इतरांनी साबणाने हात धुवावेत. मी स्वतः त्याला हातात घेऊन तसाच चहाचा कप उचलला, तेव्हा त्या मुलानेच मला टोकले!

टेकडीवर सोडण्याचा विचार आईंनी रद्द केला. जानेवारीच्या रात्री आपल्याकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, त्यात इग्वाना ताठरून मरतो. आणि जिथे हवा मानवते, तिथे, जसे फ्लोरिडात, तो स्थानिक निसर्गाला त्रास देतो. विदेशी प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते, तीही त्यांनी केलेली नव्हती. आता अर्ज भरला आहे. आपल्याकडची घोरपड मात्र पकडणे वा पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे, तिची नोंदणी होत नाही.

विश्वस्तांपैकी एकांनी विचारले की विज्ञान प्रदर्शनात मिठूला ठेवता येईल का. बालवाडीची मुलेही तिथे येतात, म्हणून मी नाही म्हटले. अंड्यांची काचपट्टी आणि मुलांनी काढलेले जीवनचक्राचे चित्र ठेवू. मिठूची दुसरी तपासणी पुढच्या सोमवारी आहे, नवा दिवा लागला आहे आणि तो जास्वंदीची फुले खाऊ लागला आहे.