अनोळखी माणसाच्या पत्रानं काय होतं?

मोबाईलवर एखाद्या मजलूम माणसाचा फोटो येतो. आपण ‘अल्लाह रहम करे’ लिहितो, चार ग्रुपवर पाठवतो आणि जेवायला बसतो. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव विचारलं तर आठवत नाही. 10 डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, आम्ही वर्गात या विषयावर बोलत होतो, तेव्हा नववीतल्या एका मुलानं सरळ विचारलं, “सर, सात समुद्रापलीकडच्या तुरुंगात कुणी अडकलंय. आपण इथून पत्र लिहिलं तर त्याचं काय होणार?” प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर भाबडेपणानं देऊ नये आणि झटकूनही टाकू नये.

उत्तराची सुरुवात आपल्याला सीरतमध्येच सापडते. नबुव्वतच्या आधीची गोष्ट. यमनमधल्या जबीदचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. मक्केतल्या एका वजनदार सरदारानं माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाला मक्केत ना कबीला, ना पाठीराखा. त्यानं अबू कुबैसच्या टेकडीवर चढून सगळ्यांना ऐकू जाईल अशी फिर्याद केली. तेव्हा प्रेषितांचे चुलते जुबैर यांच्या पुढाकारानं काही कबिल्यांची माणसं अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली. जुल्म कुणावरही होवो, हक्क परत मिळेपर्यंत मजलूमच्या बाजूनं उभं राहायचं, असा करार त्यांनी केला. हाच ‘हिल्फुल फुजूल’. त्या वेळी विशीच्या आसपास असलेले प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्यात हजर होते. इस्लाम आल्यानंतरही अशा कराराची हाक आली तर आपण ‘हो’ म्हणू, असं त्यांनी पुढे सांगितलं. या गोष्टीत दोन मुद्दे आहेत. मजलूम परका होता, आणि त्याची ताकद होती ती फक्त उघड्यावर केलेली फिर्याद.

आजच्या आंतरराष्ट्रीय मोहिमा याच दोन मुद्द्यांवर चालतात. 28 मे 1961 रोजी पीटर बेनेन्सन या इंग्रज वकिलानं लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये विसरलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला. त्यातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली. पद्धत साधी होती : कैद्याचं नाव घ्यायचं, त्याला कोणी आणि का पकडलं ते लिहायचं, आणि जगभरातल्या सामान्य माणसांनी त्या सरकारला पत्रं पाठवायची.

1973 साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. फेब्रुवारीत साओ पाउलो इथले प्राध्यापक लुईझ बासिलियो रॉसी यांना घरातून उचलून नेलं. अशा कैद्यांचा छळ व्हायचा, काही जण परत यायचेच नाहीत. 19 मार्चला अ‍ॅम्नेस्टीनं त्यांच्यासाठी पहिलं ‘तातडीचं आवाहन’ काढलं. पत्रांचा ढीग लागला. पुढे पत्नीला भेटीला बोलावलं तेव्हा पोलीस अधिकारी तिला म्हणाला की, जगभरातून एवढी पत्रं येतायत म्हणजे तुमचा नवरा आम्हाला वाटला त्याहून मोठा माणूस दिसतो. रॉसी जिवंत सुटले. नंतर त्यांनी सांगितलं की, आपलं प्रकरण बाहेर कळलंय हे समजल्यावर आता आपल्याला मारता येणार नाही, याची त्यांना खात्री पटली.

म्हणजे पत्र काय करतं? कुलूप उघडत नाही. गुपचूप मारणं मात्र महाग करतं. जुल्म करणाऱ्याला अंधार लागतो. आपण नाव घेतलं की त्याला हिशेब करावा लागतो : हा माणूस मेला तर जाब कोण कोण विचारेल?

कधी पत्र पुरत नाही, माणूस लागतो. ग्वाटेमालामध्ये लष्करानं गायब केलेल्यांच्या बायका, आया आणि भावंडांनी 1984 साली ‘परस्पर आधार गट’ काढला. पुढच्याच वर्षी त्यांच्या दोन पुढाऱ्यांचे खून झाले. तेव्हा पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक उरलेल्या पुढाऱ्यांसोबत रात्रंदिवस राहू लागले. घरी, रस्त्यात, मोर्चात. हातात काठीसुद्धा नाही. परदेशी माणसासमोर खून केला तर बोभाटा होईल, ही भीती हेच त्यांचं हत्यार. त्या गटाच्या निनेथ मॉन्तेनेग्रो वाचल्या आणि पुढे देशाच्या संसदेत निवडून गेल्या. या संस्थेची एक मुळी आपल्याकडे येते. 1981 साली कॅनडात ती स्थापन करणाऱ्यांत नारायण देसाई होते. ते विनोबांच्या शांतिसेनेत घडलेले, आणि विनोबा आपल्या रायगडातल्या गागोद्याचे.

आता दुसरी बाजू. प्रत्येक वेळी यश येत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. नायजेरियाच्या तेलपट्ट्यात ओगोनी लोकांची शेतं आणि खाड्या तेलानं खराब झाल्या. लेखक केन सारो-विवा यांनी त्यांना संघटित केलं. जानेवारी 1993 मध्ये लाखो ओगोनी शांतपणे रस्त्यावर उतरले. लष्करी सरकारनं सारो-विवांवर खुनाला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून खास न्यायमंडळापुढे खटला चालवला. जगभरातून निषेध झाला, विनंत्या गेल्या. न्यूझीलंडमध्ये राष्ट्रकुलाची परिषद चालू असतानाच, 10 नोव्हेंबर 1995 रोजी, त्यांना आठ साथीदारांसह फाशी दिली. राष्ट्रकुलानं नायजेरियाचं सदस्यत्व निलंबित केलं, पण माणसं गेली ती गेली. पत्रं होती, तेलाचा पैसा मात्र चालू राहिला आणि मोठ्या देशांनी तो थांबवला नाही. 2009 साली शेल कंपनीनं आरोप मान्य न करता पीडितांच्या घरच्यांशी 1 कोटी 55 लाख डॉलरची तडजोड केली. चौदा वर्षं त्या कुटुंबांनी आणि त्यांच्या वकिलांनी पाठ सोडली नव्हती, म्हणून एवढं तरी झालं.

एका माणसाऐवजी अख्खी वस्ती संकटात असेल तर? ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून 7 लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. आपण सगळ्यांनी ते फोटो पाहिलेत. गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या देशाचे न्यायमंत्री अबुबकर तंबादू 2018 साली कॉक्स बाजारच्या छावणीत गेले. रवांडाच्या वंशसंहाराच्या खटल्यांत त्यांनी काम केलं होतं. लोकांच्या कहाण्या त्यांनी बसून ऐकल्या. इस्लामी सहकार्य संघटनेच्या पाठिंब्यानं 11 नोव्हेंबर 2019 रोजी गांबियानं म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 23 जानेवारी 2020 ला न्यायालयानं एकमतानं अंतरिम आदेश दिला : रोहिंग्यांना संरक्षण द्या, पुरावे नष्ट करू नका. त्या आदेशानं लोक घरी परतले नाहीत, हे खरंच आहे. पण त्यांच्यावरच्या जुल्माची नोंद आता जगातल्या सर्वात मोठ्या न्यायालयात आहे. आपण ‘उम्मत’ म्हणतो तेव्हा आपल्याला अश्रू आठवतात. तंबादूंनी अश्रूंच्या पुढे जाऊन कागद तयार केले.

मग आपण घरबसल्या काय करायचं? आम्हाला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, शहानिशा. कुरआन बातमी पडताळून घ्यायला सांगतो. दुसऱ्या देशाचा, दहा वर्षांपूर्वीचा फोटो आपण पुढे ढकलला की खऱ्या मजलूमचीही बात खोटी ठरते. जालिमला आयतं निमित्त मिळतं.

दुसरी, घरच्यांची मर्जी. काही वेळा गाजावाजा केल्यानं कैद्याचा त्रास वाढतो. त्याचं कुटुंब किंवा वकील काय म्हणतात ते आधी पाहायचं. आपल्या जोशासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा नाही.

तिसरी, नेमकेपणा. नाव, तारीख, कुठे ठेवलंय आणि मागणी काय : वकील द्या, डॉक्टर दाखवा, सोडा. अदबीच्या भाषेत, अधिकाऱ्याच्या नावानं. शिव्यांचं पत्र कचऱ्यात जातं, मुद्द्याचं पत्र फाईलला लागतं.

चौथी सगळ्यात अवघड. फक्त आपल्यांसाठी नाही. रॉसी मुसलमान नव्हते, सारो-विवाही नव्हते. आपल्यावर वेळ आल्यावर जगानं बोलावं असं वाटत असेल, तर दुसऱ्याची वेळ असताना आपण कुठे होतो, हे कुणीतरी विचारणारच. जबीदच्या त्या व्यापाऱ्यासाठी जमलेल्यांनी त्याचा कबीला विचारला नव्हता.

त्या मुलाला आम्ही एवढंच सांगितलं : तुझ्या पत्रानं तो सुटेलच असं नाही. पण पत्र नसेल तर त्याला गुपचूप संपवणं सोपं जातं. दुआ तर करूच. सोबत त्याचं नाव लिहून ठेव, आणि पुढच्या महिन्यात त्याचं काय झालं ते विचार. मुलानं वहीच्या शेवटच्या पानावर एक नाव लिहिलं. आता आमच्या घरांतही असं एखादं पान असावं.