गाडी 'रस्ता सोडते', वॉरंटी 'सगळं देते'

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या धरा. एक मंठा तालुक्यातल्या शेतकऱ्याची, दुसरी जालन्याच्या नव्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्याची. गाडी कशी आहे, असं शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, "फार कडक आहे हो, मागं बसणाऱ्याची कंबर जाते." व्यापारी म्हणेल, "मऊ आहे. शंभरच्या पुढं गेली की तरंगते, रस्ता सोडते." नवी गाडी घ्यायला निघालेला भाचा दोघांचं ऐकून घरी येतो तो जास्तच गोंधळून. यांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. मालकाचा अनुभव बहुधा खरा असतो, त्या अनुभवाचं त्यानं लावलेलं कारण मात्र बहुधा चुकीचं असतं. वॉरंटीच्या बाबतीतही हेच होतं, पण ते पुढे.

जालना जिल्ह्यात या गप्पांचा सूर अलीकडे बदलला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जालना त्याच टप्प्यात आलं. ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याआधी इथं छोट्या गाडीची परीक्षा ॲव्हरेज, एसी आणि विकताना मिळणारी किंमत या तीन विषयांत व्हायची. आता तीच गाडी सकाळी १२० च्या वेगमर्यादेच्या काँक्रिटवर धावते आणि संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्यांमागून अंबड-घनसावंगीकडच्या रस्त्यावर आदळत जाते. त्यामुळं मतंही टोकाची झाली आहेत.

"छोटी गाडी हलकी असते, हायवेवर उडतेच"

आपल्याकडची छोटी गाडी चार मीटरच्या आत का असते, हे आधी पाहू. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लांबीला चार मीटरपेक्षा कमी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं गेलं. करांची नावं बदलली तरी ही रेषा राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. कंपन्यांनी लांबी कापली ती मुख्यतः डिकी आणि बंपरकडून. स्थैर्याला महत्त्वाचं असतं ते पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, आणि ते फारसं गेलेलं नाही. स्विफ्टमध्ये ते २४५० मिलिमीटर आहे, आय-ट्वेंटीमध्ये २५८०.

वजनाचा परिणाम होत नाही असं मात्र नाही. भरावावरून जाणाऱ्या उघड्या रस्त्यावर आडवा वारा आला किंवा उंच कंटेनर ओलांडताना हवेचा झोत बसला, तर हलकी गाडी जास्त सरकते. पण 'गाडी हलते' या तक्रारीमागं वजनाच्या आधी तपासण्यासारख्या तीन गोष्टी आहेत: टायरमधली हवा, अलाइनमेंट आणि थकलेले शॉकप. शॉकप संपले की स्प्रिंग दाबून सुटल्यावर खाली-वर होतच राहते. यालाच आपण तरंगणं म्हणतो. चाळीसच्या वेगात हे कळत नाही, शंभरच्या पुढं लगेच कळतं. ८० वरून १२० वर गेलं की गाडीतली गतिज ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते, आणि थांबायला लागणारं अंतरही जवळपास त्याच पटीत वाढतं. नांदेडला जाताना कधीच न जाणवलेला दोष समृद्धीवर पहिल्या तासात दिसतो. लोक त्याचं खापर गाडीवर फोडतात.

"सस्पेन्शन मऊ तेवढा आराम"

मंठ्याच्या मालकाची तक्रार इथं येते. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं दोन्ही चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन असतं, मागं दोन्ही चाकांना जोडणारा पिळाचा आडवा दांडा. एकटा चालक असताना मागच्या चाकांवर फारसा भार नसतो. लग्नाला निघालेले पाच जण आणि डिकीत मोसंबीची दोन पोती आली की मागचा भार एकदम वाढतो. अशा वेळी गाडीचं बूड टेकू नये म्हणून मागची स्प्रिंग कडक ठेवावी लागते. म्हणून रिकामी गाडी आदळते आणि भरलेली त्याच रस्त्यावर मऊ चालते. हा दोष नाही, तडजोड आहे. मागं दोन माणसं बसवून चाचणी घेतली तर शोरूममध्येच कळते. पण चाचणी घेताना आपण गाडीत सेल्समनशिवाय कोणाला बसवत नाही.

आपला रस्ताही साधा नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचं डांबर लाटेसारखं वर-खाली होतं. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. अशा लाटेवर अति मऊ सस्पेन्शन पूर्ण दबतं आणि खालून धाडकन आवाज येतो. ग्राउंड क्लिअरन्सचे आकडेही जपून वाचा. कंपनी तो आकडा रिकाम्या गाडीचा देते की भरलेल्या, हे विचारा. पाच जण बसले की गतिरोधकावर घासणारी गाडी कागदावर ऐटीत उंच असू शकते.

दिसायला बरं म्हणून मोठे अलॉय आणि बुटके टायर बसवणाऱ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं: वळणावरची पकड थोडी सुधारेल, पण टायरची जी रबरी भिंत धक्का पिते तीच तुम्ही कापलेली असेल.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही"

सगळ्यांत धोकादायक गैरसमज हाच, आणि तो पंक्चरच्या दुकानापासून सासऱ्यांपर्यंत सगळीकडून ऐकायला मिळतो. तर्क असा की ऊन ४२ अंशांवर, टायर तापणार, आतली हवा फुगणार, म्हणून आधीच दोन-चार पॉइंट कमी भरा. घडतं नेमकं उलटं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त वाकते, आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. दोन तास सलग १२० च्या वेगानं ही उष्णता साठत गेली की रबर आणि आतले धागे सुटे होतात. फुटणारे टायर पुष्कळदा जास्त हवेचे नसतात, तर कमी हवेचे, म्हातारे किंवा जास्त ओझ्याखालचे असतात. दाब तापमानाबरोबर वाढतो हे कंपनीला माहीत असतं आणि शिफारशीचा आकडा ते धरूनच ठरवलेला असतो.

हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. अनेक गाड्यांत दोन ओळी असतात, एक नेहमीच्या भाराची आणि एक पूर्ण भाराची. घरून निघताना, टायर थंड असताना मोजायचं. वाटेत तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही.

नायट्रोजनचंही थोडं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि शुद्ध नायट्रोजनही तापल्यावर जवळजवळ तेवढाच फुगतो. फायदा असा की त्यात ओलावा नसतो आणि दाब जरा सावकाश उतरतो. मिळत असेल तर भरा, पण त्याच्या भरवशावर दाब मोजणं सोडू नका.

काँक्रिटमुळे टायर फुटतात, हेही अर्धवट सत्य. काँक्रिट टायर घासतं आणि आवाज करतं, पण खरं कारण न थांबता सतत पळणं हे आहे. नियमाप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. नक्षी शाबूत असली तरी वय पाहा. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे टायर घासून नव्हे, कडक होऊन संपतात. गावाकडच्या अंगणात उन्हात उभ्या गाड्यांचं बहुधा असंच होतं.

"पत्रा पातळ आहे, म्हणजे गाडी कच्ची"

बोनेट दाबून पाहणं आणि दाराचा 'धप्प' आवाज ऐकणं ही मराठवाड्यातली लाडकी परीक्षा. तिला थोडा इतिहासही आहे. जालना रस्त्यावरच्या शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि 'जड दार म्हणजे दणकट गाडी' ही कसोटी या भागात पक्की झाली. पण दाराचा आवाज येतो कुलपाच्या यंत्रणेतून आणि रबराच्या पट्ट्यांतून. बाहेरचा पत्रा बहुतेक सगळ्याच गाड्यांत एक मिलिमीटरपेक्षा पातळ असतो.

जालन्यासारख्या सळईच्या गावाला हे सांगायला नको खरं तर. दहा मिलिमीटरची ४१५ ग्रेडची सळई आणि ५०० ग्रेडची सळई शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही, तो कळतो ताण दिल्यावर. गाडीतही प्रवाशांभोवतीचे खांब आणि आडव्या पट्ट्या उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात. त्या आतून झाकलेल्या असल्यामुळं अंगठ्यानं दाबून तपासता येत नाहीत. त्यासाठी धडक चाचणीच लागते. भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचे तारे मुख्यतः धडक झाल्यावर माणूस किती वाचतो ते सांगतात. वळणावर गाडी कशी वागते, यासाठी ते फारसे उपयोगाचे नाहीत.

"एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली, आता बंपरपासून बंपरपर्यंत निर्धास्त"

कोटेशनमध्ये ही रक्कम विम्याच्या खाली, आधीच लिहिलेली असते आणि ती सक्तीची आहे असा बहुतेकांचा समज असतो. ती ऐच्छिक आहे. घ्यावी का, याचं उत्तर तुमच्या रोजच्या किलोमीटरमध्ये आहे, कारण वॉरंटी 'वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते' या अटीवर चालते. मारुतीनं जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी वाढवून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली आणि पैसे भरून ती ६ वर्षं किंवा १ लाख ६० हजारांपर्यंत नेता येऊ लागली. आता जालन्याहून संभाजीनगरला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्याचा हिशेब करा. दिवसाला १२० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३६ हजार. मूळ वॉरंटी त्याची पावणेतीन वर्षांत संपते आणि सहा वर्षांची म्हणून घेतलेली साडेचारच्या आत. वर्षाला आठ हजार चालवणाऱ्याला मात्र सहाच्या सहा वर्षं मिळतात. पैसे दोघांनी सारखेच भरलेले असतात.

झीज होणारं काहीही यात सहसा बसत नाही: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, बहुतेक रबरी बुश. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या उत्पादकांची असते. शॉकपना काही योजनांमध्ये वेगळी, छोटी मर्यादा असते. म्हणजे खराब रस्ता जे सर्वांत आधी खातो, तेच यादीबाहेर. उंदरानं वायरी कुरतडणं हा दोष कारखान्याचा नाही, तो वॉरंटीत येत नाही. त्यासाठी विम्याची पॉलिसी पाहावी लागते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर तोही विम्याचा विषय, आणि साध्या विम्यात तो बहुधा नसतो, इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम लागतं. मग ही वॉरंटी कशासाठी? एसीचा कॉम्प्रेसर, स्टिअरिंगची मोटार, ऑटोमॅटिक गिअरची यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट यांच्यासाठी. ऑटोमॅटिक गाडी घेऊन पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर माझ्या मते घ्यावी. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्यानं कशाला घ्यावी?

सही करण्याआधी एक पाहा: वॉरंटीच्या कागदावर कंपनीचं नाव आहे की डीलरचं? कंपनीची असेल तर देशभरातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, डीलरची बहुधा त्याच्याच दारात.

"बाहेर सर्व्हिसिंग केलं की वॉरंटी गेली"

भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला. त्या आदेशात हेही होतं की बाहेरच्या गॅरेजात गेल्याच्या नुसत्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हे प्रकरण पुढं अपिलांत गेलं. त्यामुळं व्यवहारात शहाणपण असं की वॉरंटीच्या काळात वेळापत्रकाची सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी करावी, तारीख चुकवू नये आणि बिलं जपावीत. पंक्चर, अलाइनमेंट, पेंट यांसाठी ओळखीच्या मेकॅनिककडं जायला घाबरू नये. बाहेरून सीएनजी किट किंवा वायरी कापून म्युझिक सिस्टिम बसवली, तर त्या भागाबद्दल वाद होणार हे धरूनच चाला.

रिकॉल मात्र पूर्ण वेगळा. सुरक्षेचा दोष म्हणून कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, तर वॉरंटी असो वा नसो, तो दोष फुकट दुरुस्त होतो. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या वाहनांसाठी याचे नियमच आहेत. जुनी गाडी घेताना चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून राहिलेला रिकॉल पाहता येतो.

सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा जॉबकार्डावर काय लिहिलं जातंय ते वाचा. "शॉकप खराब" असं लिहू देऊ नका. ते तुमचं निदान झालं, आणि शॉकप ठीक निघाले की तक्रारच निकालात निघते. "साठच्या वेगात, डाव्या मागच्या चाकाकडून, उंचवट्यावर ठक-ठक" असं लिहायला लावा. वॉरंटी संपण्याआधी तक्रार अशा शब्दांत नोंदली गेली असेल, तर नंतर "हे मुदतीबाहेरचं आहे" म्हणणं अवघड जातं.

तरीही दाद लागली नाही तर गाडी पुण्यातून किंवा संभाजीनगरमधून घेतली म्हणून तिकडं खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्याच आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे जालन्यातच. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. जिल्हा आयोगाकडं जायची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये. सोबत सगळी जॉबकार्डं न्यावीत, क्रमानं लावून.