प्लास्टर निघाल्यानंतर

आमच्या राजूर गावावरून कोल्हार-घोटी रस्ता जातो. भंडारदऱ्याच्या पर्यटकांच्या गाड्या, टेम्पो, मोटारसायकली यांची त्यावर सतत वर्दळ असते. वाहने वाढली तसे अपघातही वाढले. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. मृतांसाठी शोकसभा होते. परंतु जखमींचे पुढे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्लास्टर निघाले म्हणजे माणूस बरा झाला, असा आपला समज असतो. वस्तुतः बरे होण्याचे निम्मे काम तेव्हा शिल्लक असते.

शरीर : मांडीचे हाड जुळण्यास साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. तोवर गुडघा आखडतो, स्नायू वाळतात. आपल्या भागात वाकता आले नाही, उकिडवे बसता आले नाही, तर भातलावणीची मजुरी बुडालीच. तुटलेली नस जोडल्यावर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढीच वाढते. दंडातील नसेला बोटांपर्यंत पोहोचण्यास वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून महिनाभरात गुण आला नाही, या कारणाने व्यायाम सोडू नयेत. याच रस्त्यावरील लोणी येथे प्रवरा संस्थेचे भौतिकोपचार महाविद्यालय आहे, तर मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून अखिल भारतीय पुनर्वसन संस्था कार्यरत आहे.

मन : हॉर्न वाजताच दचकणे, झोप न लागणे, गाडीवर बसण्याची भीती वाटणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तर ती भित्रेपणाची नव्हेत, आजाराची समजावीत. डोक्याला मार लागलेला माणूस विसरतो, चिडतो. घरचे म्हणतात, "याला बसून खायची सवय लागली." प्रत्यक्षात मेंदूची दुखापत भरून येत असते. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत अधिक वेगाने व पुढे दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, सावकाश होते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.

पैसा : आम्ही बँकेत काम करतो, म्हणून हे सांगणे कर्तव्य समजतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरल्यास अपघाती मृत्यूस २ लाख व एक हात, पाय किंवा डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. परंतु पाय मोडून आठ महिने घरी बसलेल्यास त्यातून काहीच मिळत नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. २०१९ च्या कायदादुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली; तेव्हा विलंब करू नये. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईचे नुकसान नव्हे. डावा हात गेला तरी सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. ड्रायव्हर किंवा सुतार यांची मात्र जवळजवळ सारी कमाई जाऊ शकते. म्हणून बिले, डिस्चार्ज कार्ड, व्यवसायाचा पुरावा जपून ठेवावा.

अपघातानंतर पहिल्या आठवड्यात भेटणाऱ्यांची रीघ लागते, सहाव्या महिन्यात कोणी फिरकत नाही. गरज मात्र तेव्हाच अधिक असते. सभासदांपैकी कोणी रुग्णाला एसटीने उपचारास नेले, विद्यार्थ्यांनी त्याच्या मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढला, कोणी दाव्याचे कागद जुळवून दिले, तर एक संसार पुन्हा उभा राहू शकेल.